दख्खनचे दंगे : एक घटना, अनेक कारणे

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून कर्जखते जाळली. दंग्याचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. न्यायालयाने कर्जाच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासावा, ही त्यातील महत्त्वाची तरतूद होय.

परंतु कर्ज वाढले कशाने? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले. त्यानंतर लवकरच महसुलाच्या फेरआकारणीने साऱ्याचा बोजा वाढला. जमीन गहाण टाकण्याजोगी झालेलीच होती, आणि न्यायालयाचा हुकूमनामा सावकाराच्या हाती होता. यांतील कोणतेही एक कारण दंग्याचा पुरेसा उलगडा करीत नाही. ती परस्परांना बळ देत गेली.

कायद्याने मात्र सावकार-कुळाचा व्यवहारच मुख्यतः हाताळला. साऱ्याचा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहिला. सरकारला स्वतःचा वाटा त्यामुळे नजरेआड करता आला. याउलट जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) सारा, नोकरशाही, धर्मविधी व कर्ज यांचा एकत्र विचार केला. म्हणूनच हा ग्रंथ केवळ गद्यशैलीचा नमुना म्हणून शिकविणे अपुरे ठरते.