जॉन स्कॉटला पडलेली मतं

राजगुरुनगरात बर्फ दिसतो तो रसवंतीच्या गाड्यावर. बर्फावर हॉकी खेळणाऱ्या अमेरिका-कॅनडाच्या एनएचएल लीगने १९८६मध्ये ऑल-स्टार सामन्याचा सुरुवातीचा संघ निवडायचा हक्क चाहत्यांना दिला.

२०१६मध्ये चाहत्यांनी गंमत केली. अ‍ॅरिझोनाचा जॉन स्कॉट हा सहा फूट आठ इंचांचा गडी संघात होता तो मुख्यतः हाणामारीसाठी. कारकिर्दीत गोल जेमतेम पाच. लोकांनी त्यालाच पॅसिफिक विभागाचा कॅप्टन केलं. त्याने माघार घ्यावी म्हणून दबाव आला. तुझ्या मुलांना याचा अभिमान वाटेल का, असं लीगमधल्या कुणीतरी विचारल्याचं त्यानेच लिहिलंय. मग मॉन्ट्रियलशी अदलाबदल झाली आणि थेट खालच्या लीगमध्ये रवानगी. बायकोला तेव्हा जुळं होणार होतं.

तरी तो खेळला. नॅशव्हिलमध्ये दोन गोल ठोकले. सामनावीराच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. लोकांनी ट्विटरवर ते स्वतःच घातलं, आणि जिंकला तोच.

आपणही निष्पाप नाही. २०२१मध्ये ऑलिंपिक सुवर्ण बेल्जियमचं, पण मतदानातून ठरणारे जागतिक हॉकी महासंघाचे आठही पुरस्कार भारताच्या खेळाडू-प्रशिक्षकांना. बेल्जियम चिडलं. मला यात बग दिसत नाही. सिस्टिमने मागितलं तेच मोजलं.

एनएचएलने मात्र पुढच्या मोसमात नियमच बदलला: खालच्या लीगमधल्या खेळाडूला मत नाही. स्कॉटचं हेल्मेट तोवर हॉकी हॉल ऑफ फेममध्ये पोचलं होतं.