डबीर, हेजीब, वकील

‘वकिलातीसमोर निदर्शने’ असा मथळा मराठी वर्तमानपत्रात आजही दिसतो आणि तो वाचून कोणाचा गोंधळ होत नाही. वकील मात्र केव्हाच कोर्टात जाऊन बसला आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ एवढाच, की ज्याच्यावर विश्वासाने काम सोपवलं तो. शिवकाळात वकील म्हटलं की परक्या दरबारात धन्याच्या वतीने बोलणारा माणूस डोळ्यांपुढे येई. तो अर्थ ‘वकिलात’ने तेवढा जपून ठेवला.

अशा माणसांची गरज स्वराज्याला फार होती. उत्तरेला मोगल, पलीकडे विजापूर आणि गोवळकोंडा, गोवा आणि वसईला फिरंगी, जंजिऱ्याला सिद्दी, १६६८पासून मुंबईत कंपनीचे इंग्रज. यांतल्या सगळ्यांशी एकाच वेळी लढणं शक्य नव्हतं. एकाशी लढताना दुसऱ्याशी बोलणं चालू ठेवावं लागे. गोवळकोंड्याला प्रल्हाद निराजी होते. मोगल सेनापती मिर्झाराजांच्या छावणीत आधी रघुनाथपंत जाऊन आले, मग शिवाजी महाराज गेले. १६६५च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यावे लागले, १२ राहिले.

वकिलाचा जुना जोडीदार म्हणजे हेजीब. आज हा शब्द आडनावापुरता उरला आहे. मूळ अरबी ‘हाजिब’ म्हणजे पडद्यापाशी उभा राहणारा, कोणाला आत सोडायचं ते ठरवणारा दरबारी. ‘हिजाब’ त्याच धातूचा. दख्खनच्या दरबारांत हा पडद्याजवळचा माणूस पडद्याबाहेर पडला आणि दुसऱ्यांच्या दारी जाऊ लागला. प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली ही हेजिबी फार जवळून दिसते. अफझलखानाकडून कृष्णाजी भास्कर, महाराजांकडून पंताजी गोपीनाथ. भेट कुठे, बरोबर माणसं किती, हे सगळं या दोघांच्या तोंडून ठरत गेलं. सभासदाच्या बखरीप्रमाणे महाराज शामियान्याजवळ येऊन थांबले आणि सय्यद बंडा खानाजवळ आहे, त्याला दूर करा, असा निरोप गेला. तो पोहोचवला खानाच्याच वकिलाने, आणि बंडा दूर झाला. पुढे काय घडलं ते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याआधीची ही काही पावलं मला नेहमी थांबवून ठेवतात.

पण या घराण्यातला सर्वांत जुना शब्द डबीर. परराष्ट्रव्यवहार पाहणाऱ्याचं हे पद. सोनोपंत डबीर हे नाव बहुतेकांना ठाऊक आहे. १६७४च्या राज्याभिषेकात डबीराचा ‘सुमंत’ झाला. महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, त्याच मोठ्या कामातला हा बदल. स्वतःच्या राज्याची भाषा स्वतःची असावी, ही त्यामागची तळमळ मनाला भिडते.

मात्र डबीर हा तितकासा परका नव्हता. फारसीत ‘दबीर’ म्हणजे लेखक, लेखनिक. त्याच्या मुळाशी आहे प्राचीन पारशी ‘दिपि’, म्हणजे लेख. अशोकाच्या शाहबाजगढी आणि मानसेहरा इथल्या लेखांत ‘लिपि’च्या जागी ‘दिपि’च कोरलेलं आहे. पुढे हाच दबीर ‘दिविर’ होऊन संस्कृतात शिरला. काश्मीरच्या क्षेमेंद्राने या दिविरांना, म्हणजे कारकुनांना, चांगलंच झोडपलं आहे. आणि वलभीच्या मैत्रकांच्या ताम्रपटांत, सातव्या शतकात, ‘दिविरपति’ भेटतो तो ‘संधिविग्रहाधिकृत’ म्हणून. दिविरांचा मुख्य, आणि तह करायचा की युद्ध, हे खातंही त्याच्याचकडे! रायगडावरच्या डबीराच्या हजार वर्षं आधी गुजरातेत हाच शब्द आणि हेच काम एकत्र नांदत होतं.

त्यातल्या ‘संधि’चं मराठीत वेगळंच झालं. तिची जागा ‘तहा’ने घेतली आणि ‘संधी’ नोकरीची, बढतीची झाली. जुना अर्थ ‘शस्त्रसंधी’त तेवढा अडकून राहिला आहे.

आता मुत्सद्दी. अरबी ‘मुतसद्दी’ म्हणजे कामाला पुढे होणारा. हिंदीत तो मुनीम, हिशेबनीस राहिला. मोगलांच्या सुरतेत तो बंदराचा मुख्य अंमलदार होता. मराठीने मात्र त्याला राजकारणाचा जाणता केलं. याचं कारण मला डबीरातच दिसतं. आपल्याकडे लिहिणारा आणि बोलणी करणारा माणूस बहुधा एकच असे. समोरच्याचं पत्र नीट वाचणं, आपलं उत्तर तोलून लिहिणं, दिलेला शब्द कागदावर टिकवणं, यातून तो मुत्सद्दी घडला.

अलीकडे पक्ष फोडणाऱ्यालाही आपण सहज मुत्सद्दी म्हणतो. कृपा करून म्हणू नका. त्यासाठी ‘कावेबाज’ हा शब्द मराठीत आधीपासून आहे.