फिरत्या पात्याखालचा पाट : कटिंग मॅटची कुळकथा

चौकटींच्या रेघा छापलेली, बहुधा हिरव्या रंगाची कटिंग मॅट आज क्विल्ट शिवणाऱ्यांच्या टेबलावर गृहीतच धरली जाते. परंतु शिवणकलेच्या दीर्घ इतिहासात ही वस्तू अगदी अलीकडची आहे. कापड बेतणाऱ्यांना अशा पाटाची गरज शतकानुशतके भासली नाही, कारण कात्रीची दोन्ही पाती एकमेकींच्या आधाराने कापतात आणि टेबलाने फक्त कापडाचा भार पेलायचा असतो. एकाच पात्याने वरून दाब देऊन कापायचे झाले, की मात्र त्या पात्याखाली काय आहे, हा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न चामडे कापणाऱ्या कारागिरांपुढे पूर्वीपासून होता. युरोपातील जोड्यांच्या कारखान्यांत त्यावर लाकडी ठोकळ्याचा उपाय योजलेला होता, आणि त्या ठोकळ्यात लाकडाचे तुकडे अशा रीतीने बसवलेले असत की तंतूंची टोके वर यावीत. सुरी अशा पृष्ठभागावर तंतू तोडत न जाता दोन तंतूंच्या मधे शिरते आणि बाहेर निघाली की ते तंतू पुन्हा जवळ येतात; त्यामुळे ठोकळाही टिकतो आणि सुरीची धारही. आजच्या मॅटचे तत्त्व हेच आहे, बदलले आहे ते केवळ द्रव्य.

मॅटला शिवणकामात आणणाऱ्या पात्याचा उगम जपानमध्ये आहे. ओसाका येथील छापखान्यात काम करणाऱ्या योशिओ ओकाडा यांनी १९५६ मध्ये टोक बोथट होताच तेवढाच भाग मोडून टाकता येईल, असे खाचांचे पाते तयार केले आणि पुढे त्यातून ओल्फा ही कंपनी उभी राहिली. याच कंपनीने १९७९ मध्ये रोटरी कटर बाजारात आणला. मुठीच्या टोकाला फिरणारे गोल पोलादी पाते, अशी त्याची रचना असून त्याची चाल करंजी कातण्याच्या फिरकीसारखी असते, मात्र धार वस्तऱ्याची असते. तो मुळात कपडे शिवणाऱ्यांसाठी होता. त्याला खरा आश्रय दिला तो अमेरिकेतील क्विल्ट शिवणाऱ्या स्त्रियांनी.

त्यामागे त्या काळाची पार्श्वभूमी होती. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ मध्ये जुन्या अमेरिकन क्विल्टांचे प्रदर्शन भरवून त्यांना भिंतीवरच्या चित्रांचा मान दिला होता, आणि १९७६ मधील राष्ट्राच्या द्विशताब्दीमुळे घरगुती कलांविषयीची आस्था वाढीस लागली होती. मात्र पद्धत जुनीच होती : पुठ्ठ्याचा साचा कापडावर ठेवून पेन्सिलीने आखायचे आणि एकेक तुकडा कात्रीने कापायचा. या पद्धतीत पेन्सिलीच्या रेघेची जाडी मापात मिसळते, वापराने साच्याचे कोपरे झिजतात, आणि चूक तुकड्यागणिक साठत जाते. शिवणीसाठी सोडायची माया क्विल्टमध्ये अवघी पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिलीमीटर असते. अशा वेळी एका ओळीतील १२ तुकडे प्रत्येकी इंचाच्या सोळाव्या भागाने कमी भरले, तर ती ओळ पाऊण इंचाने तोकडी पडते आणि शेजारच्या ओळीशी जुळत नाही.

बार्बरा जोहाना यांनी १९७६ मध्ये आणि एलिनॉर बर्न्स यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांतून झटपट क्विल्ट शिवण्याच्या पद्धती लोकप्रिय होऊ लागल्या होत्या. पट्ट्यांची पद्धत त्यांपैकी मुख्य होय. सुटे चौकोन कापण्याऐवजी वेगवेगळ्या रंगांच्या लांब पट्ट्या आधी एकमेकींना शिवायच्या आणि मग तो जोड आडवा कापायचा, म्हणजे चौकोनांची आयती जोडलेली रांग हाती येते. रोटरी कटर या पद्धतीच्या हाती पडला आणि जाड पारदर्शक पट्टीच्या कडेने कापडाचे चार-सहा थर एका फटक्यात सरळ कापणे शक्य झाले. त्या पात्याने टेबलाची मात्र चाळण झाली असती आणि स्वतःची धारही गेली असती. मॅट आली ती या गरजेतून. महाराष्ट्रातील गोधडीला अशी गरज पडली नाही, कारण जुन्या लुगड्यांचे थर अखंडच एकावर एक पसरून ते धावदोऱ्याने शिवले जातात, आणि ठिगळाचे माप थोडे मागेपुढे झाले तरी गोधडीचे काही अडत नाही.

बाजारात मॅटचे ढोबळमानाने दोन प्रकार आढळतात. पहिला पीव्हीसीचा, म्हणजे मऊपणा आणणारी द्रव्ये मिसळलेल्या प्लास्टिकचा. त्यात बहुधा मधला थर कणखर आणि बाहेरचे थर मऊ असून एकूण जाडी दोन-तीन मिलीमीटर असते. पाते शिरताना हे द्रव्य बाजूला सरते आणि पाते उचलल्यावर पूर्ववत जवळ येते, म्हणून या मॅटला ‘आपोआप बुजणारी’ म्हणतात. दुसरा प्रकार पातळ व कडक प्लास्टिकच्या पत्र्याचा. तो स्वस्त आणि हलका असला, तरी त्यावर पडलेली चीर तशीच राहते आणि पातेही लवकर बोथटते. टिकाऊपणाची अपेक्षा असणाऱ्याने म्हणून कडकपणाला भुलू नये. चीर कितपत बुजते, यावरच मॅटचे आयुष्य ठरते.

आकाराचा विचारही याच अंगाने करावा लागतो. स्टेशनरीच्या दुकानांत मिळणाऱ्या ए-४ किंवा ए-३ आकाराच्या मॅट कागदकामासाठी पुरतात, पण कापडाची लांब पट्टी त्यांवर पुन्हापुन्हा सरकवावी लागते आणि प्रत्येक सरकवण्यात माप बिघडते. क्विल्टसाठी १८ × २४ इंच हा कामचलाऊ आणि २४ × ३६ इंच हा सोयीचा आकार मानला जातो. पात्यांमध्ये ४५ मिलीमीटर व्यासाचे पाते सर्वाधिक वापरात आहे.

चांगली मॅटही चुकीच्या वापराने लवकर निकामी होते. सुरी तिरपी धरून कापल्यास मॅटची सालपटे निघतात आणि ती जागा बुजत नाही. छापलेल्या एकाच रेघेवर नित्य कापल्यास तेथे खोबण पडते, म्हणून माप पट्टीवरून घ्यावे आणि मॅट अधूनमधून फिरवावी. उष्णता हा तिचा मोठा शत्रू आहे : इस्त्री, गरम चहाचा कप किंवा उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील ताप यांनी मॅट वाकते आणि आलेला बाक सहसा जात नाही, तर वर्षानुवर्षांच्या उन्हाने मऊपणाची द्रव्ये निघून जाऊन ती ठिसूळ होते. चिरांत अडकलेले कापडाचे तंतू चिरा बुजू देत नाहीत. ते खोडरबराने काढून मॅट कोमट साबणाच्या पाण्याने पुसावी आणि सपाट ठेवून वाळवावी.

कापलेल्या पट्टीच्या कडेला मधेच एखाद-दुसरा धागा न तुटता राहू लागला, की दोष पात्याचा की मॅटचा, हे ठरवण्याची रीत सोपी आहे. न तुटलेले धागे पात्याच्या एका पूर्ण फेऱ्याएवढ्या ठरावीक अंतराने येत असतील, तर पात्याला खाच पडलेली असते आणि ते बदलावे. नवे पाते घालूनही मॅटवरच्या त्याच जागी धागे राहत असतील, तर तेथील खोबणीत कापड दबून पात्याच्या धारेपासून सुटत असते, आणि मॅट बदलण्याची वेळ आलेली असते.