लिंकनचे दगडी घर : तटबंदी की दिमाख?

इंग्लंडमधील लिंकन शहरात, कॅथेड्रलच्या टेकडीकडे चढणाऱ्या अरुंद रस्त्यावर ‘ज्यूज हाउस’ नावाचे एक घर आहे. बांधकाम बाराव्या शतकातले, साधारणपणे ११५० ते ११७० च्या दरम्यानचे. साहित्य स्थानिक चुनखडीचा दगड. बहुतेक नगरवासी लाकडामातीच्या घरांत राहत होते, त्या काळातली ही वास्तू.

या घराविषयी एक लोकप्रिय स्पष्टीकरण वारंवार ऐकायला मिळते : ज्यू सावकारांना जमावाची भीती वाटे, म्हणून ते दगडी घरे बांधत. स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे, परंतु खुद्द घरच त्याला दुजोरा देत नाही.

दर्शनी भिंत पाहा. खाली रस्त्यालगत व्यवहाराची जागा, वर माडीवर राहण्याचा मुख्य दालनाचा भाग. माडीच्या जोडकमानी खिडक्या मागे अंगणाकडे नव्हेत, थेट रस्त्यावर उघडतात. दाराभोवती गुंफणीची नक्षी कोरलेली आहे. आणि सर्वांत देखणी युक्ती दाराच्या वर आहे : माडीवरची शेकोटी नेमकी दारावर येते, तिच्या धुराड्याचा भार पेलण्यासाठी प्रवेशद्वारावरची कमान भिंतीबाहेर काढली आहे. म्हणजे शोभेची वाटणारी कमान प्रत्यक्षात काम करते. लपून राहू इच्छिणारा मनुष्य असा दरवाजा घडवत नाही. शिवाय त्याच शहरातील सेंट मेरीज गिल्डहॉल ही बाराव्या शतकातलीच दगडी वास्तू ज्यूंची नव्हती. दगड हे श्रीमंतीचे लक्षण होते, धर्माचे नव्हे.

भीती मात्र खोटी नव्हती. ११९० मध्ये इंग्लंडभर ज्यूंवर हल्ले झाले. यॉर्कमध्ये किल्ल्याच्या बुरुजात अडकलेल्या सुमारे दीडशे जणांचा अंत झाला. लिंकनमध्येही जमाव उठला, तेव्हा तेथील ज्यूंनी आश्रय घेतला तो आपल्या दगडी घरांत नव्हे, तर राजाच्या किल्ल्यात. आणि ते वाचले. इंग्लंडमधले ज्यू थेट राजाच्या अखत्यारीत असत. राजा त्यांच्याकडून जबर कर वसूल करी आणि त्या बदल्यात संरक्षण देई. त्यांची खरी भिंत ही होती.

तेराव्या शतकात तीच ढासळली. १२५५ मध्ये ह्यू नावाच्या एका मुलाच्या मृत्यूचा आळ लिंकनच्या ज्यूंवर आला आणि तिसऱ्या हेन्रीने अठराहून अधिक जणांना फाशी दिले. १२७५ मध्ये पहिल्या एडवर्डने त्यांना व्याजाने पैसे देण्याची बंदी केली. उपजीविकेचे मुख्य साधनच गेले. पाठोपाठ नाणी कातरल्याच्या आरोपांखाली देशभर धरपकड झाली. हे घर परंपरेने ज्या बेलासेट नावाच्या ज्यू स्त्रीशी जोडले जाते, तिलाही याच आरोपावरून फाशी झाली.

जुलै १२९० मध्ये एडवर्डने सर्व ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम काढला; मुदत १ नोव्हेंबरपर्यंतची. त्यांची घरे राजाकडे जमा झाली. पुढे जवळपास साडेतीनशे वर्षे इंग्लंडमध्ये ज्यूंना उघडपणे राहता आले नाही. रस्त्यावरच्या या घराला नाव मात्र त्यांचेच राहिले.