आंबा पिकवायचा कोणी?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या बागांतला हापूस उतरला की तो पिकवण्याचे काम पूर्वी बागायतदाराच्याच घरी होई. भाताचा पेंढा अंथरायचा, त्यावर चौदा आणे तयार झालेले, देठ शाबूत असलेले आंबे मांडायचे आणि वर पुन्हा पेंढा घालायचा. मग अधूनमधून अढी उकलून पिवळसर झालेले फळ वेगळे काढायचे, डागी फेकायचे. या पद्धतीला नुसती पारंपरिक म्हणून गौरवणे हा तिच्यावर अन्याय आहे, कारण अढी म्हणजे पिकण्यावरचे नियंत्रणच होते. पेंढ्यात ऊब टिकते आणि पिकणाऱ्या फळातून सुटणारा इथिलीन वायू शेजारच्या फळांनाही पिकायला लावतो. फळे स्वतःच हा वायू सोडतात, हे रिचर्ड गेन यांनी १९३४ साली सफरचंदांवर सिद्ध केले. कोकणात वायूचे नाव कोणाला ठाऊक नव्हते; पण एक आंबा पिकला की बाकीचे भराभर येतात आणि थर फार चढवले तर अढी तापून माल नासतो, एवढे पक्के ठाऊक होते.

त्याच दशकात पुण्याच्या गणेशखिंडीत जी. एस. चीमा आणि त्यांचे सहकारी आंबा थंडीत कसा टिकतो ते तपासत होते. खरी अडचण टिकवण्यापेक्षा नंतर पिकवण्याची. साधारण १२-१३ अंश सेल्सिअसखाली हापूस बरेच दिवस राहिला तर साल करडी पडते, बाहेर काढल्यावर रंग नीट चढत नाही, गर आंबट राहतो. सोसेल एवढी थंडीसुद्धा पिकणे फक्त लांबवते. पुढे ऊब द्यावीच लागते. आजच्या रायपनिंग चेंबरमध्ये ही ऊब मोजून देतात, इथिलीन कायद्याने १०० पीपीएमपर्यंत चालतो, आणि कोंडलेली हवा अधूनमधून बाहेर काढतात. एका अर्थी ही यंत्रावर चालणारी अढीच.

कोणी म्हणेल, रायगडला शीतगृह हवेच कशाला? रेवसहून लाँच सुटली की भाऊचा धक्का समोरच. खरे आहे, पण या जवळिकीनेच घात केला. कच्ची पेटी मुंबईत सहज पोचते, म्हणून पिकवण्याचा निर्णय बागेतून व्यापाऱ्याच्या गाळ्यावर गेला आणि तिथल्या घाईला कॅल्शियम कार्बाइडची पुडी सोयीची वाटली. तिच्यावर बंदी आहे, तीही रास्त. औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. अढी सावकाश आणि कमीजास्त पिकवते, हा दुसरा आक्षेपही मान्य करायला हवा. चेंबरमधून सगळी पेटी एका रंगाची निघते, आणि दुकानदाराला तेच हवे असते. मात्र रंग म्हणजे गोडी नव्हे. पुढे साखर होणारा स्टार्च फळ झाडावर असतानाच साठवते. सुरुवातीच्या चढ्या भावासाठी बारा आण्यांवर उतरवलेला आंबा पेंढ्यात घाला, शीतगृहात ठेवा की चेंबरमध्ये; साल पिवळी होईल, पण न साठलेला स्टार्च यातली कोणतीही खोली भरून देणार नाही.