काळ्या पाण्याचं कुळ

१८०३ साली हंफ्री डेव्ही यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे तुरट वनस्पतींवरचा एक निबंध वाचला. त्यात काताचे दोन नमुने तपासलेले होते, एक बंगालचा आणि एक मुंबईचा. दोनशे ग्रेन बंगाली कातात ९७ ग्रेन टॅनिन निघालं, मुंबईच्या तेवढ्याच कातात १०९. कातडं कमावायला एक पौंड कात ओकच्या सात-आठ पौंड सालीचं काम करील, असा अंदाजही डेव्हींनी मांडला. मला या निबंधातलं टॅनिन नंतर दिसलं. आधी नजर अडकली ती ‘मुंबईचा कात’ या दोन शब्दांवर. मुंबई बेटावर खैराचं रान कुठलं? बेटावरून कात फक्त जहाजात चढणार, तो शिजणार दुसरीकडेच.

हे ‘दुसरीकडे’ कुठे, ते गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने अडीचशे वर्षं आधीच लिहून ठेवलं आहे. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधींच्या ग्रंथात त्याने काताला स्वतंत्र संवाद दिला. खैराच्या ढलप्या उकळून अर्क कसा काढतात, त्यात नाचणीचं पीठ मिसळून वड्या कशा पाडतात, हे तो सांगतो आणि मुबलक उत्पादनाचे प्रदेश म्हणून वसई, मनोर आणि दमणची नावं घेतो. त्याला ही माहिती असणं साहजिक आहे, कारण मुंबई बेट त्याच्याकडेच खंडाने होतं. आज मनोरहून वाड्यामार्गे जो रस्ता येतो तो भिवंडीत उतरतो. उल्हासच्या खाडीला मिळणाऱ्या कामवारी नदीवरचं भिवंडी हे जुनं बंदर. वाडा-शहापूरच्या रानाचा माल समुद्राकडे जायला ही एक सोयीची वाट होती. म्हणून डेव्हींच्या काचपात्रातला कात भिवंडीच्या मागच्या रानातून आला असावा, असं मी धरून चालतो.

आता काळ्या पाण्याच्या नद्यांकडे वळतो, कारण त्यांच्या रंगातही टॅनिनांचा हात आहे. ब्राझीलमधली रिओ नेग्रो ही त्यांच्यातली सर्वात प्रसिद्ध. ओरेयाना या स्पॅनिश दर्यावर्दीने १५४२ मध्ये तिला हे नाव दिलं. मानाउसजवळ ती गढूळ सोलिमोइसला भेटते आणि दोन्हींचं पाणी काही किलोमीटर न मिसळता शेजारी शेजारी वाहतं. अमेझॉनच्या नद्यांची पांढऱ्या, निळ्या आणि काळ्या पाण्याच्या अशी विभागणी आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८५३ मध्ये केली, आणि विसाव्या शतकात हाराल्ट झियोली यांनी तिला शास्त्राची बैठक दिली. काँगोच्या खोऱ्यातली रुकी रिओ नेग्रोहूनही गडद असल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. या नद्यांचं पाणी पेल्यात घेतलं तर स्वच्छ असतं, बिनदुधाच्या चहासारखं. रानातला पाचोळा वर्षानुवर्षं भिजत राहतो, त्यातली टॅनिनं आणि ती कुजून झालेली ह्युमिक आम्लं पाण्यात उतरतात. पाणी आंबट होतं, क्षार जवळजवळ नसतात. १८०० साली तिथून गेलेल्या हंबोल्टने काळ्या पाण्यावर डासांचा त्रास नसल्याची नोंद केली आहे.

अमेरिकेत व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवर ‘ग्रेट डिस्मल स्वॅम्प’ नावाची दलदल आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात खलाशी तिथलं तांबूस-काळं पाणी मुद्दाम पिंपांत भरून घेत, कारण लांबच्या सफरीत ते लवकर नासत नसे. नदीला काळं करणारा तुरटपणा सडण्याला अडवतो. आपल्या खाडीवरच्या कोळ्यांनी जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवली तीही याच गुणासाठी. सुताचं किंवा सणाचं जाळं खाऱ्या पाण्यात सतत भिजलं की सडतं. साल उकळून केलेल्या लालसर-काळ्या पाण्यात ते मुरवलं, वाळवलं आणि थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा मुरवलं की बरंच जास्त टिकतं. मग खैराचा गाभा आटवणारा कातकरी, ऐनाची साल उकळणारा कोळी आणि पाचोळा भिजवणारी रिओ नेग्रो हे तिघे एकाच कुळातले ठरतात. नातं सख्खं नाही, हे मान्य. नदीचा रंग मुख्यतः कुजून बदललेल्या ह्युमिक द्रव्यांचा, काताचा ताज्या टॅनिनांचा. पण चुलत तरी नक्कीच.

मग भिवंडीच्या आसपास एवढा ऐन आणि खैर असताना इथली एकही नदी चहाच्या रंगाची का नाही? पहिलं कारण खडक. काळं पाणी टिकतं ते पांढऱ्या, निकस वाळूच्या जमिनीत. आपल्या बेसॉल्टपासून झालेल्या चिकणमातीत हे रंगीत पदार्थ पाण्यातून वाटेतच अडकतात. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे पानगळ. इथलं रान माघ-फाल्गुनात झडतं, तेव्हा ओढे आटलेले असतात आणि पाचोळा भिजायला पाणीच नसतं. शिवाय ठाणे जिल्ह्यातला शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजतो, म्हणजे ऐनाच्या फांद्या आणि पाला शेतात पसरून जाळतो. नदीत उतरू शकलं असतं ते टॅनिन जळून जातं. या राबावरून सरकारशी इतका संघर्ष झाला की ठाणे-कुलाब्याच्या जंगलांच्या तक्रारींसाठी १८८५ ते १८८७ या काळात मुंबई सरकारचा वन आयोग बसला. जमीन आणि हवामान काळं पाणी होऊ देत नव्हती, इथल्या माणसांनी ते चुलीवर केलं.

आज भिवंडीत कामवारीचं पाणी काळं दिसतं, त्याचा या कुळाशी काही संबंध नाही. तो काळेपणा सांडपाण्याचा आणि कापड उद्योगाच्या मैल्याचा. असं पाणी पेल्यात घेतलं तर गढूळ दिसतं आणि त्याला वास येतो. रिओ नेग्रोच्या काळ्या पाण्यात ‘कार्डिनल टेट्रा’ हा झगमगता मासा जगतो. प्राणवायू संपलेल्या पाण्यात मासा जगत नाही. दोन्हींना काळं म्हणायला लागावं याचं मला फार वाईट वाटतं.

जाळं मुरवण्याची युक्ती आली कुठून, यावर तीन मतं संभवतात. पहिलं, ती पोर्तुगिजांनी वसईत आणली. युरोपात ओकच्या सालीत जाळी बुडवत, हे खरंच. पण ती त्यांच्याकडून आली असती तर त्यांच्या गलबतांवर चढणारा कातच इथल्या जाळ्यांतही उतरला असता. कोळ्यांनी मात्र घेतली ती ऐनाची साल, व्यापाराच्या वहीत न येणारी, रानातली. दुसरं मत, ती कातडं कमावणाऱ्या ढोरांकडून आली. हे टाकून देता येत नाही, कारण बाभळीची साल आणि हिरडा वापरण्याचं त्यांचं ज्ञान फार जुनं आहे. तरी बाभूळ-हिरडा सोडून ऐनच का, हे त्यातून उलगडत नाही.

माझं मत तिसरं. ओहोटीला खाडीकाठच्या कांदळवनात साचलेलं पाणी पाहिलं तर ते तांबूस असतं. भिवंडीला जवळचं नैसर्गिक काळं पाणी हेच. त्यात पडून राहिलेली दोरी न सडल्याचं कोणाच्या तरी लक्षात आलं असणार. मग कांदळाचीच साल का वापरली नाही, असा आक्षेप येईल. याचं उत्तर खाडीकाठीच आहे. ठाण्याच्या आणि उल्हासच्या खाड्यांत तिवर फार आणि कांदळ थोडा, आणि तिवराच्या सालीत टॅनिन कमी. ऐनाचं लाकूड मात्र रानातून बंदरावर येतच होतं. सोलून टाकलेली साल खाडीकाठच्या काल्हेर-कशेळीच्या माणसाला फुकट मिळत असणार. कल्पना कांदळवनातून आली आणि साल लाकडाच्या वखारीतून, असं मला वाटतं.

युरोपात काताचा प्रवास विचित्र झाला. तिथे त्याला ‘टेरा जापोनिका’, म्हणजे जपानची माती, म्हणत. ना तो माती, ना जपानचा. बार्बोसा या पोर्तुगीज लेखकाने १५१४ च्या सुमारास खंबायतहून मलाक्काला जाणाऱ्या मालात ‘काचो’ नोंदवला आहे. तिथून तो पूर्वेकडच्या जहाजांवर चढून उलट फेऱ्याने युरोपला पोचला, म्हणून जपानचं नाव चिकटलं असावं. ओर्ताने त्याला ग्रीक वैद्यांचं ‘लायशियम’ ठरवलं होतं. तेही पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉयल यांनी खोडलं: लायशियम म्हणजे आपलं रसांजन, दारुहळदीचा अर्क. डेव्हींनंतर मात्र काताच्या टॅनिनाविषयी शंका उरली नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या मच्छीमारांनी ओकची साल मागे टाकून जाळी आणि शिडं काताच्या पाण्यात मुरवायला घेतली. तोवर कात बहुतेक ब्रह्मदेशातून जाई, पण डेव्हींच्या दोन नमुन्यांत टॅनिन जास्त निघालं होतं ते मुंबईच्या.

या भागातला कात शिजवणाऱ्यांविषयी जॉन विल्सन यांनी १८४३ मध्ये वारली आणि काथोडी या जमातींवर लिहिलं. काथोडी म्हणजेच कातकरी. कामाआधी ते एका खैराला शेंदूर लावून नारळ फोडत, मग रानात चुलाणं मांडत. खैराच्या तोडीवर वनखात्याची बंधनं आली तशी ही चुलाणं विझली. कातकरी कोळशाच्या भट्ट्यांवर गेले, आणि पुढे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर. कोकणातला कात आज शिजतो तो चिपळूण-सावर्ड्याच्या कारखान्यांत, आणि जातो मुख्यतः विड्याच्या पानात. नायलॉनची जाळी आल्यावर ऐनाच्या सालीची गरजही संपली.

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे. भिवंडी आणि कल्याणच्या बंदरांवरून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काय काय खाली उतरलं, हे तिथल्या जकातीच्या कागदांत पाहायचं आहे. कात त्यात भाताच्या आणि लाकडाच्या खालोखाल भेटेल, अशी माझी अपेक्षा आहे.