मार्कस ब्रॉडीचा पुतळा

इंडियाना जोन्सच्या चाहत्यांमध्ये मार्कस ब्रॉडीचं नाव निघालं की आधी हशा पिकतो. १९८९च्या ‘लास्ट क्रुसेड’मधला हा भाबडा गृहस्थ इस्कंदरूनला उतरतो काय आणि वाट चुकतो काय! पण १९८१च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’मधला ब्रॉडी गंभीर होता, पवित्र पेटीच्या शोधातला धोका इंडीच्या आधी त्यालाच जाणवला होता. पात्राची ‘जुनी आवृत्ती’ अशी मोडलेली माझ्यातल्या प्रोग्रामरला खटकायची. ती खटक मिटली डेनहम एलियटचं चरित्र वाचल्यावर.

एलियट दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात होता. १९४२मध्ये त्याचं बॉम्बफेकी विमान पाडलं गेलं आणि विशीतला हा पोरगा जर्मनांच्या हाती लागला. उरलेलं युद्ध त्याने बंदिवासात काढलं. तिथे कैद्यांच्या नाटकांत कामं केली. ‘लास्ट क्रुसेड’मध्ये नाझी ब्रॉडीला पकडून रणगाड्यात कोंबतात. तो विनोद साकारणाऱ्याला खरी कैद ठाऊक होती.

१९९२मध्ये एलियट गेला. २००८च्या ‘क्रिस्टल स्कल’मध्ये कॉलेजात ब्रॉडीचा पुतळा दिसतो आणि पाठलागात त्याचं डोकं उडतं. ही श्रद्धांजली की टवाळी, यावर चाहते भांडतात. मला मात्र त्याच चित्रपटातला इंडीच्या टेबलावरचा फोटो जवळचा वाटतो. तिथे वडिलांच्या शेजारी मार्कस आहे, आणि इंडी दोघांच्या जाण्याबद्दल एका दमात बोलतो.